चेस्टर्स: नदी सरकली, पूल जागेवर राहिला

उत्तरवाट

गेल्या सप्टेंबरात सासरे साताऱ्याहून आमच्याकडे न्यूकॅसलला दोन महिने राहायला आले होते. अण्णा बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. निम्मी नोकरी कृष्णा-कोयनेवरच्या पुलांवर गेलेली. लंडन बघून झालं, राजवाडा फाटकाबाहेरून बघून झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात माणूस कंटाळला. "अगं, एखादं काम दाखव की," म्हणाले. काम म्हणजे बांधकाम, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही.

म्हणून एका शनिवारी गाडी काढली आणि हेड्रियनच्या भिंतीवरच्या चेस्टर्सला गेलो. रोमन नाव किलुर्नम. नॉर्थ टाइन नदीच्या पश्चिम काठावर साधारण २.३ हेक्टरचं हे घोडदळाचं ठाणं. सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला येऊन गेला, भिंतीचं काम निघालं आणि दोनेक वर्षांत हे ठाणंही उभं राहिलं. भिंत पूर्वेच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेच्या बोनेसपर्यंत, जवळजवळ ११७ किलोमीटर. ती नदी ओलांडते ती इथे. पूल राखायचा म्हणून ठाणं, हे एवढं अण्णांना गाडीतच पटलं.

तिथे गेल्यावर मात्र पहिली दहा मिनिटं त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. हिरवंगार कुरण, त्यावर मेंढ्या, आणि इथेतिथे कुंपणात गुडघाभर भिंतींचे चौकोन. "हे सगळं जोतंच आहे की," म्हणाले. खोटं नव्हतं. दरवाजे, बराकी, कचेरी, ठाणेदाराचं घर, सगळं जोत्यापुरतं.

मग त्यांना एक गोष्ट सांगितली आणि गाडी रुळावर आली. हे ठाणं भिंतीला पाठ टेकून नाही, भिंतीवर आडवं बसलेलं आहे. चार मोठ्या दरवाज्यांपैकी तीन भिंतीच्या उत्तरेला, म्हणजे शत्रूच्या बाजूला उघडतात. आणि ठाण्याच्या पोटात आधीच्या भिंतीचा पाया, एक बुरूज आणि बुजवलेला खंदक सापडला आहे. म्हणजे भिंतीचं काम सुरू झालं, बुरूज उभा राहिला, आणि मग वरून हुकूम आला की सैन्य भिंतीवरच ठेवा. बुरूज पाडला, खंदक भरला, वर ठाणं बांधलं.

अण्णा एकदम खूश. "रिव्हाइज्ड एस्टिमेट!" 

कचेरीच्या मागच्या बाजूला तिजोरीची खोली आहे, पायऱ्या उतरून जायचं. दगडी कमानीचं छत अजून जागेवर आहे. गावात पूर्वी दंतकथा होती की इथे जमिनीखाली पाचशे घोड्यांचा तबेला आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला खणलं तेव्हा तबेला निघाला नाही, पाचशे स्वारांचा पगार ठेवायची ही खोली निघाली. ओकच्या लाकडाचं, लोखंडी पट्ट्या मारलेलं दारही जागेवर होतं म्हणे, पण हवा लागताच त्याचा भुगा झाला. 

कचेरीच्या चौकात फरशीवर एक पुरुषलिंग कोरलेलं आहे. मी सासऱ्यांसोबत. मी नदीकडे बघायला लागले. अण्णांनी वाकून नीट पाहिलं, पाटी वाचली आणि म्हणाले, "दृष्टीसाठी आहे. आपण काळी बाहुली टांगतो तसं." विषय संपला.

खालच्या उतारावर, ठाणं आणि नदी यांच्या मधे, स्नानगृह आहे. इथे मात्र जोतं नाही, भिंती डोक्याच्या वर जातात. कपडे बदलायच्या दालनात सात कमानदार कोनाडे ओळीने आहेत. कुणी म्हणतं कपडे ठेवायला, कुणी म्हणतं सात वारांच्या सात देवांच्या मूर्ती असाव्यात. मला कोनाड्यांपेक्षा उंबरठे आवडले. एका दारातला उंबरा मधोमध झिजून पन्हळीसारखा झालाय. पाय त्यात बरोबर बसतो. बाहेर बारा अंश, पाऊस भुरभुरतोय, आणि या दारातून पलीकडे गेलं की वाफ. स्पेनच्या अस्तुरियासमधून आलेल्या स्वारांना इथे काय वाटत असेल ते त्या उंबऱ्यावर उभं राहिल्यावर बरंच कळतं.

निघताना तिकीटखिडकीवरच्या बाईंनी विचारलं, पलीकडचा पूल बघितलात का? आम्हाला माहीतच नव्हतं. चोलरफर्डच्या आजच्या पुलावरून नदी ओलांडायची आणि जुन्या रेल्वेच्या बाजूने अर्धा मैल चालायचं. तिकीट नाही, माणूस नाही.

आणि तिथे शेतात पूल आहे. म्हणजे पुलाचा पूर्वेकडचा अबटमेंट, पूल काठावर जिथे टेकतो तो बांधीव भाग. नदी त्याच्यापासून दूर पश्चिमेला सरकली आहे, त्यामुळे हे प्रचंड घडीव दगडांचं काम कोरड्या जमिनीत, झाडांच्या सावलीत पडून आहे. पलीकडचा काठ नदीने खाल्ला. 

अण्णा तिथे दीड तास होते. मी डबा उघडून बसले, ते दगडांवर बसले. प्रत्येक दगडाच्या डोक्यावर एक खाच, वर अरुंद आणि आत रुंद. त्यात लोखंडी पाचरी अडकवून दगड साखळीने उचलायचा. थराच्या वरून एक लांब पन्हळ काढलेली, त्यात लोखंडी पट्टी बसवून शिसं ओतलेलं, म्हणजे पुरात सगळे दगड एकमेकांना धरून राहावेत. अण्णा बोटाने ती पन्हळ चाचपत पार टोकापर्यंत गेले. मग मला हाक मारली. अबटमेंटच्या पोटात एक वेगळाच, होडीच्या नाकासारखा टोकदार खांब चिणलेला आहे. "हा आधीच्या पुलाचा पिअर. यांनी पूल एकदा बांधला, तो लहान पडला, मग मोठा बांधला. जुना पाडला नाही, नव्यात घेतला."

पाटीवर नेमकं तेच लिहिलं होतं. त्यांनी पाटी नंतर वाचली.

फोटो टाकते सावकाश.

पाटीपेन्सिल

छान लिहिलंय. रिव्हाइज्ड एस्टिमेटला फुटले. अण्णांना नमस्कार सांगा. फोटोंशिवाय धाग्याला मजा नाही, टाकाच.

तिरपागडा

लेख चांगला आहे, पण एक विचारतो. गुडघाभर भिंती आणि मेंढ्या बघायला माणसं तिकीट काढून जातात, आणि आमच्याकडे रायगड, जंजिरा, राजगडाची संजीवनी माची पडून आहे तिकडे चिप्सची पाकिटं टाकायला जातात. रोमन म्हटलं की आपण लगेच भारावतो. यात किल्ला म्हणून काय आहे? तट किती उंच? बुरुजाची रचना काय? वेढा पडला तर पाणी किती दिवस?

उत्तरवाट

@तिरपागडा, प्रश्न रास्त आहे आणि चूक माझीच. याला किल्ला म्हणूच नये. आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे डोंगर, आणि वेढा पडला की आत बसून झुंजायचं. हे तसलं प्रकरणच नव्हे. हे ठाणं. कोपरे गोल, नकाशा पत्त्याच्या पानासारखा, आणि ब्रिटनपासून सिरियापर्यंत थोड्याफार फरकाने तोच. शत्रू आला तर दार लावून बसायचं नाही, दारातून घोडे काढून बाहेर त्याला गाठायचं. म्हणून तर तीन दरवाजे उत्तरेला, तेही जोडदरवाजे. राजगडाशी तुलना केली तर राजगडच जिंकणार, त्यात मला काडीचीही शंका नाही. पण तुलना करायचीच तर एखाद्या जुन्या लष्करी कँटोन्मेंटशी करा.

शिलालेखी

पाण्याचा मुद्दा तिरपागडा यांनी काढलाच आहे म्हणून लिहितो. चेस्टर्सला एक शिलालेख सापडला आहे. आशय असा: उल्पियस मार्सेलस ब्रिटनचा सुभेदार असताना दुसऱ्या अस्तुरी घोडदळासाठी पाणी आणले. काळ इ.स. १८० च्या आसपासचा. गंमत बघा, ठाणं नदीच्या उशाशी आहे आणि तरी पाणी आणल्याचा लेख कोरतात. नदी खाली, ठाणं वर. पाचशे माणसं, पाचशे घोडे आणि एक स्नानगृह. बादल्यांनी किती आणणार? पाट काढावाच लागतो.

साधारण त्याच शतकात आपल्याकडे कान्हेरीला, जुन्नरला कोण कुठला व्यापारी पाण्याचं टाकं खोदून देतो आणि प्राकृतात लेख कोरतो: अमक्याचं दान, एक पोढी. पोढी म्हणजे टाकं. तिकडे पाणी आणणारा सुभेदार आणि पलटण, इकडे सोनार, माळी, यवनसुद्धा. दोन्ही लेख छोटेसेच. मला ते शेजारी ठेवून वाचायला आवडतात.

त्या आवारातल्या छोट्या संग्रहालयात एक कांस्याचं माप आहे, ते तुम्ही पाहिलं का? भिंतीवरच्या कारव्होरान ठाण्याला १९१५ मध्ये सापडलेलं. त्यावर कोरलंय की यात साडेसतरा सेक्स्टारियस (रोमनांचं छोटं माप) मावतात. प्रत्यक्षात भरून पाहिलं तर सुमारे वीस मावतात.

पाटीपेन्सिल

म्हणजे घ्यायची पायली वेगळी!

शिलालेखी

तसंच बरेच जण म्हणतात. गावकऱ्यांकडून धान्य घेताना मापात मारायचं. उलट बाजूही आहे: आत भरायच्या उंचीची खूण किंवा पट्टी असेल आणि ती गळून पडली असेल. निकाल लागलेला नाही. पण त्याच मापावर दुसरी गोष्ट निर्विवाद आहे. सम्राट डोमिशियनचं नाव खरवडून काढलंय. तो इ.स. ९६ मध्ये मारला गेला, सिनेटने त्याचं नाव पुसायचा ठराव केला आणि साम्राज्याच्या या टोकाला कुणीतरी छिन्नी घेऊन धान्याच्या मापावरचं नावसुद्धा काढलं. बाकी पदव्या, सालाचा उल्लेख, सगळं तसंच ठेवलं. त्यामुळे आज तो कोण ते लगेच कळतं.

पागेवाला

घोड्यांवर कुणीच काही बोललं नाही म्हणून माझी भर. मी बारामतीजवळ चार घोडी सांभाळतो, त्यामुळे डोळा तिकडेच जातो.

चेस्टर्सच्या बराकीत पाचशे घोडे राहायचे कुठे हा जुना प्रश्न होता, कारण वेगळा तबेला म्हणावा असं काही दिसेना. उत्तर वॉल्सएंडच्या ठाण्यात मिळालं. तिथल्या बराकीत खोल्यांच्या जोड्या आहेत. मागच्या खोलीत चूल, पुढच्या खोलीत जमिनीत खोदलेला लांबट खड्डा. तो मुतारीचा खड्डा, घोड्यांच्या. म्हणजे पुढे तीन घोडी, मागे तीन स्वार, मधे एक भिंत. जनावराच्या अंगाची ऊब मिळते, रात्री कुणाचं पोट दुखलं तर लगेच कळतं. वासाचं म्हणाल तर सवय होते, आमच्या घरी विचारा.

आणखी एक. आपल्याकडे शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येतो, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळतो. रोमनांचा स्वार बराचसा बारगिराच्या जातीचा. युफ्रेटिस नदीवरच्या दुरा-युरोपोस या सरहद्दीच्या ठाण्यात पपायरसचे कागद सापडलेत, इ.स. २०८ चे. सुभेदार एकेका स्वाराला घोडा नेमून देतो आणि वय, रंग, अंगावरचे डाग किंवा डाग नसल्याची नोंद लिहितो. मोगल-मराठ्यांच्या दफ्तरात घोड्याचा चेहरा लिहितात ना, हुबेहूब तसं. कारण सगळीकडे एकच: चांगला घोडा विकायचा आणि हजेरीला तट्टू उभं करायचं, ही अक्कल स्वाराला शिकवावी लागत नाही.

रिकीब नव्हती तेव्हा. खोगिराला चार शिंगं असत, मांडी त्यात अडकवून बसायचं. मी तसलं एक करून बघितलंय सुताराकडून. बसायला फार भक्कम, उतरताना मात्र पायजमा फाटला.

तिरपागडा

पागेवाले, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. (उत्तरवाट, राग मानू नका.)

चिरेबंदी

वाचत होतो, लिहू का नको करत होतो. लिहितोच.

मूळ लेखात एक प्रश्न राहून गेलाय. एवढ्या मोठ्या ठाण्याचा फक्त जोता उरला, तर वरचे दगड गेले कुठे? पडून मातीला मिळाले नसतील. घडीव दगड कधी फुकट जात नाही.

आमचं घर कोकणात, खाडीच्या तोंडावर. वर टेकडीवर पडका कोट आहे, नाव सांगत नाही. आमच्या घराच्या जोत्यात, तुळशीच्या बाजूला, चार चिरे बाकीच्यांपेक्षा हातभर लांब आहेत आणि एकावर अर्धं कमळ आहे. लहानपणी आजीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या मामंजींनी वरून आणले." वरून म्हणजे कोटावरून. बैलगाडीने. त्या वेळी वाडीतल्या प्रत्येकाने आणले. कुणाला चोरी वाटली नाही, पडलेलं आहे ते आणलं. आता मी गडसंवर्धनाच्या मोहिमांना जातो, झाडोरा काढतो, टाकी उपसतो, आणि संध्याकाळी घरी येऊन त्या कमळावर पाय धुतो.

तिकडच्या लोकांनी काय केलं ते सांगा.

उत्तरवाट

@चिरेबंदी, तिकडच्या लोकांनी अगदी हेच केलं. उलट जास्तच.

चेस्टर्सहून काही मैलांवर हेक्सॅमचं मोठं चर्च आहे. त्याखालचं तळघर ७व्या शतकातलं, संत विल्फ्रिडने बांधलेलं. आत उतरलं की भिंतीत रोमन नक्षीचे दगड, कुठे अर्धी वेल, कुठे अर्धी ओळ. आसपासच्या रोमन बांधकामांतून उचललेले. एका शिलालेखात तर सम्राट गेटाचं नाव खरवडलेलं आहे. शिलालेखी, तुमच्या डोमिशियनसारखंच, फक्त इथे सख्ख्या भावाने मारून भावाचं नाव पुसलं. पागेवाले, तुमच्यासाठी: त्याच चर्चमध्ये फ्लाविनस नावाच्या निशाणाच्या स्वाराची कबरशिळा आहे. वय २५, नोकरी ७ वर्षं, घोड्यावर बसलेला आणि घोड्याच्या पायाखाली एक केसाळ माणूस. ती शिळा बांधकामाचा दगड म्हणून वापरली होती, १८८१ मध्ये सापडली तेव्हा कळलं.

म्हणजे विल्फ्रिडही तुमच्या पणजोबांसारखाच.

मग १७४५ चं जेकोबाइट बंड झालं, स्कॉटलंडकडून चालून आलेलं. न्यूकॅसलचं सैन्य कार्लाइलला वेळेत पोचेना, कारण रस्ताच धड नव्हता. पुढच्या दशकात सरकारने रस्ता बांधला. कसा? मैलोन्‌मैल भिंत पाडून, तिच्याच दगडांवर. आजही त्या रस्त्याला मिलिटरी रोड म्हणतात, आम्ही त्यावरूनच गेलो. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीच्या खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाले, "सोलिंग उत्तम असणार."

१८०१ मध्ये विल्यम हटन नावाचा ७८ वर्षांचा म्हातारा बर्मिंगहॅमहून चालत भिंत बघायला आला. जाऊन-येऊन ६०० मैल. नदीच्या पूर्वेला प्लेनट्रीज म्हणून जागा आहे, तिथे एका शेतमालकाची माणसं घर बांधायला भिंत फोडत होती. दोनशेहून जास्त यार्ड आधीच गेली होती. म्हाताऱ्याने रडून विनवलं. उरलेला एक तुकडा वाचला. आम्ही परतीच्या वाटेवर तो पाहिला. तिथे पाया तीन मीटर रुंद आणि त्यावर भिंत जेमतेम दोन मीटरची. पाया घालणाऱ्यांना रुंद भिंतीचा हुकूम होता, बांधणारे येईपर्यंत रुंदी कमी केलेली. यावर अण्णा काय म्हणाले असतील ते सांगायची गरज नाही.

आता चेस्टर्सचं. १७९६ मध्ये ही जमीन नथानिएल क्लेटनने घेतली. घरासमोर सपाट हिरवळ हवी, म्हणून त्याने ठाण्याचे उंचवटे कापून, खड्डे भरून सगळं गुळगुळीत केलं. त्याचा मुलगा जॉन क्लेटन न्यूकॅसलचा टाउन क्लार्क, पक्का वकील, लग्न न केलेला, आयुष्य ९८ वर्षांचं. बाप गेल्यावर इस्टेट त्याच्याकडे आली आणि १८४३ पासून त्याने बापाची हिरवळ खणायला घेतली. नुसतं खणलं नाही, भिंतीलगतच्या जमिनी विकत घेत सुटला. शेवटी पाच ठाणी त्याच्या मालकीची होती. दगड न्यायचा असेल तर आता क्लेटनला विचारायला लागे, आणि तो नाही म्हणे. तो अबटमेंटसुद्धा त्यानेच १८६० मध्ये उघडा केला.

एकाच घरात एकाने पुरलं आणि दुसऱ्याने उकरलं. तुमच्या घरासारखंच की हो.

चिरेबंदी

हा शेवटचा परिच्छेद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग तू चिरे काढून वर नेणार आहेस काय? घर पडेल."

तिरपागडा

क्लेटनचा इतका उदोउदो नको. त्याच्या माणसांनी पडलेले दगड उचलून मातीचुन्याशिवाय रचले आणि वर गवताचे ढेकूळ ठेवले. आज पोस्टरवर जी भिंत डोंगराच्या कडेने पळताना दिसते ती बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन गड्यांनी रचलेली आहे. लोक तिला रोमन समजून पाठ टेकून फोटो काढतात. आणि त्या काळी खणणं म्हणजे भिंतीच्या कडेने चर मारत जायचं. मातीच्या थरांची नोंद कोण ठेवतो? बराकीत शेवटी कोण राहत होतं, छत कधी पडलं, हे सांगणारी माती ढिगाऱ्यात गेली.

शिलालेखी

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत, आणि तरी १८७६ मध्ये कॅरॉबर्गच्या ठाण्याजवळ कोव्हेंटिना देवीची विहीर त्याने उपसली नसती तर १३,००० च्या वर नाणी आणि देवीचे शिलापट दगडवाल्यांच्या हाती लागले असते. त्याच्या मृत्यूनंतर १९२९ मध्ये इस्टेट लिलावात निघाली, पण वस्तू एकत्र राहिल्या. ते संग्रहालय १८९६ चं आहे आणि अजून जुन्या पद्धतीने मांडलेलं आहे. भिंतीला दाटीने टेकवलेल्या वेद्या, लाकडी कपाटं, हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या. मला तर ते संग्रहालयच एक अवशेष वाटतं.

नावाबद्दल थोडं. किलुर्नम या शब्दाचा एक अर्थ कढईसारखा डोह असा लावतात. दुसरं मत जास्त मजेदार आहे. अस्तुरियासमध्ये किलुर्निगी नावाच्या जमातीचा लेख सापडला आहे. तिथून आलेल्या स्वारांनी आपल्या गावाचं नाव इथे लावलं असेल का? पण मग ही पलटण येण्याआधी ठाण्याचं नाव काय होतं, हा प्रश्न उरतो.

डबाबंद

वाचनखूण साठवली. मे महिन्यात आई आणि दोन मुलांना (६ आणि ९) घेऊन एडिनबरोहून खाली येतोय. आईचे गुडघे दुखतात. चेस्टर्स करावं का? गाडी नसेल तर?

उत्तरवाट

गाडी नसेल तर हेक्सॅमपर्यंत रेल्वे, पुढे भिंतीच्या कडेने धावणारी बस. तिचा नंबरच एडी १२२ आहे. पण ती दिवसातून मोजक्या वेळाच असते, तेव्हा वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा. आम्ही पूर्वी एकदा जुन्या वेळापत्रकावर विसंबून दोन तास थांब्यावर उभे होतो. मेंढ्या ओळखीच्या झाल्या.

ठाण्यात सगळं सपाट गवत आहे, आईंना त्रास नाही. स्नानगृहाकडे उतार आहे, तिकडे हात धरा. अबटमेंटची वाट सपाट आहे पण चिखल असतो. मुलांना सांगा की अबटमेंटच्या एका दगडावरही तसलंच एक 'दृष्टीचं' चिन्ह कोरलेलं आहे, किंवा नका सांगू.

मिरेपूड

उशीर झाला धाग्यावर यायला. मिऱ्यांचं कुणीच कसं लिहिलं नाही?

चेस्टर्सहून वीसेक किलोमीटरवर विंडोलांडाचं रोमन ठाणं. तिथे १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रं आणि हिशेब सापडताहेत. कुणी पायमोजे पाठवले, कुणी वाढदिवसाचं बोलावणं केलं. त्यात एक उधारीची यादी आहे. गांबाक्स नावाच्या शिपायाच्या नावापुढे लिहिलंय: मिरे, दोन दिनार. आता मिरे येतात कुठून? मलबारहून. मान्सूनच्या वाऱ्यावर लाल समुद्र, उंटांवरून नाईल, अलेक्झांड्रिया, मग पुढे समुद्र आणि बर्फाळ नद्या. पार त्या भिंतीपर्यंत. आपल्या कल्याणला, सोपाऱ्याला ज्यांची गलबतं लागत तोच हा व्यापार. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला तो हातभरसुद्धा नसलेला कांस्याचा समुद्रदेव पोसायडन त्याच वाटेने उलटा आला.

दोन दिनार म्हणजे शिपायाच्या पगाराच्या मानाने थोडे पैसे नाहीत. पण तिकडच्या जेवणाची कल्पना असलेल्या कुणालाही गांबाक्सची बाजू पटेल.

पाटीपेन्सिल

उत्तरवाट, फोटो?

उत्तरवाट

टाकले, वरच्या लेखात बघा. सगळे अण्णांनी काढलेत, त्यामुळे माणूस एकाही फोटोत नाही. २१४ फोटो, त्यातले १६० अबटमेंटचे.

ऑक्टोबरअखेर ते परत गेले. जानेवारीत इथे आठवडाभर पाऊस लागला तेव्हा त्यांचा फोन आला. तब्येत वगैरे दोन वाक्यांत आटोपलं आणि विचारलं, "नदीला पाणी किती आहे? त्या अबटमेंटपर्यंत येतं का?" मी म्हटलं माहीत नाही. "मग जाऊन ये की. रविवारच आहे."

गेले. नवऱ्याने वेड्यात काढलं पण गाडी त्यानेच चालवली. चोलरफर्डला नदी चहाच्या रंगाची, फेस धरून पळत होती, मधेच आख्खं झाड वाहत गेलं. जुन्या रेल्वेच्या वाटेवर घोट्याइतका चिखल. अबटमेंटच्या अलीकडे कुरणात पाणी साचलेलं, पण ते पावसाचं, नदीचं नव्हे. नदी तिकडे झाडांच्या पलीकडे होती, नुसता आवाज येत होता. दगडांवरच्या त्या खाचांमधे मात्र प्रत्येकीत पाणी भरलेलं, ओळीने वाट्या मांडल्यासारखं. व्हिडिओ काढून पाठवला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "शिशाच्या पन्हळीत पाणी थांबतंय का वाहून जातंय, ते दिसत नाही. जवळून घे."